नेम आणि धीर

आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी बारामती सोडून इंदापूरच्या वाटेला लागते आणि सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे अशी एकेक गावे मागे टाकीत पुढे जाते. एरवी ऊस, कालव्याचे आवर्तन आणि कारखान्याचा दर यांखेरीज फारशी चर्चा न करणारा हा बागायती मुलूख त्या दिवसांत निराळाच भासतो. या गर्दीतील एखाद्या वृद्ध वारकऱ्यास, इतकी वर्षे न चुकता का चालता, असे विचारले तर उत्तर बहुधा दोनच शब्दांचे येते: नेम आहे. वारीने काय मिळाले याचा हिशेब तो मांडीत नाही. यंदा मनात भक्तीची भरती आहे की ओहोटी, याचीही चौकशी करीत नाही. दिवस आला की निघायचे, एवढे त्याला ठाऊक असते.

याच बारामती-इंदापूर परिसरात थोडीबहुत ख्रिस्ती वस्तीही आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील चर्चेस ऑफ ख्राइस्ट या पंथाच्या मिशनने बारामती हे आपले केंद्र केले, तेव्हापासून ही मंडळी या मातीत रुजलेली आहेत. परंतु त्यांच्याही धर्मात नेम नावाची काही वस्तू आहे, याची कल्पना शेजारच्या समाजाला क्वचितच असते. ख्रिस्ती म्हटले की नाताळ, मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना आणि धर्मांतराचा जुना वाद एवढ्या चार गोष्टी मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे येतात. उपवासकाळाचे चाळीस दिवस, मठांतून शतकानुशतके चालत आलेले प्रार्थनेचे प्रहर, घरोघरीचे शास्त्रवाचन, यांचा विचार कोणी करीत नाही. दुर्दैव असे की, खुद्द ख्रिस्ती मंडळींनाही अलीकडे त्याचा विसर पडू लागला आहे.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात क्लेशापासून आशेपर्यंत जाणारी एक साखळी मांडली आहे. तिच्यातील दुसऱ्या कडीसाठी मराठी बायबलात ‘धीर’ हा शब्द योजला आहे. शब्द चांगला आहे. पण रोजच्या बोलण्यात त्याची धार बोथट झाली आहे. ‘धीर धरा’ असे आपण म्हणतो ते बहुधा स्वस्थ बसा, वाट पाहा, या अर्थाने. मूळ ग्रीक शब्द ‘हुपोमोने’ असा आहे आणि त्याचा रोख भाराखाली टिकून राहण्यावर आहे. ज्याच्या पाठीवर ओझे आहे आणि जो ते टाकून पळत नाही, त्याचा हा गुण. वाट पाहणाऱ्याला हातपाय हलवावे लागत नाहीत. ओझे वाहणाऱ्याला प्रत्येक पाऊल नव्याने टाकावे लागते.

माणसे कशाच्या बळावर टिकून राहतात, या प्रश्नाला अर्थशास्त्राचे एक सरळ उत्तर आहे आणि योगायोग असा की, त्याचा एक गाजलेला दाखला इंदापूर तालुक्यातच सापडतो. १८३०च्या सुमारास कंपनी सरकारने पुणे जिल्ह्यात प्रिंगल यांची सारा-आकारणी लागू केली. हे प्रिंगल हेलीबरी कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकलेले. प्रत्येक जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्याचा ठराविक हिस्सा सरकारने घ्यावा, असा त्यांचा सिद्धान्त होता. सिद्धान्त कागदावर निर्दोष होता. पण मोजणीत चुका, कारकुनांचे हात ओले आणि आकारणी अवाच्या सवा, यामुळे इंदापूरची कुळे जमिनी टाकून परागंदा झाली. तेव्हा १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी याच तालुक्यातून नव्या पाहणीला आरंभ केला, आकारणी उतरवली आणि ती ३० वर्षांसाठी कायम केली. पडीक जमीन पुन्हा नांगराखाली येऊ लागली. इंदापूरच्या कुणब्याच्या अंगी चिकाटी नव्हती असे नाही. आपण घाम गाळला तर त्याचे फळ ३० वर्षे आपलेच राहील, एवढी शाश्वती त्याला हवी होती. पुढे नीरा डावा कालवा आला आणि भाटघरच्या धरणाने त्याला पाण्याची जोड दिली. अडसाली उसासाठी दीड वर्ष शेतात राबण्याची तयारी या भागात निर्माण झाली, तीही पाण्याच्या शाश्वतीमुळेच. एकदा लावलेल्या उसाच्या खोडव्यावर पुन्हा भरवसा टाकणारा शेतकरी अंधविश्वासू नसतो. बुडखा जिवंत आहे, हे त्याने पाहिलेले असते.

धर्मजीवनातील धीराची पंचाईत येथेच होते. तेथे मुदतबंद करार नाही. प्रार्थनेचे फळ अमुक हंगामात पदरात पडेल, अशी हमी कोणी देत नाही. जे देतात त्यांच्यापासून सावध राहावे, हे उत्तम. मग हमीवाचून माणूस कसा टिकतो? याचे उत्तर प्रवचनांतून शोधण्यापेक्षा पुणे जिल्ह्यातच, दौंड तालुक्यातील केडगावी, पंडिता रमाबाईंच्या अखेरच्या अठरा वर्षांत शोधावे हे बरे.

रमाबाईंचे पूर्वचरित्र महाराष्ट्राला परिचित आहे. १८५८ साली जन्म, आईबापांबरोबरची तीर्थाटने, दुष्काळाने झालेली घराची वाताहत, कलकत्त्यात मिळालेल्या पंडिता व सरस्वती या पदव्या, अल्पकाळाचा संसार, पुण्यातील आर्य महिला समाज, १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे घेतलेला बाप्तिस्मा, १८८९ साली मुंबईत सुरू केलेले शारदा सदन. पुढे १८९३ साली पुण्यात सदनावरून वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. हे सर्व सांगितले जाते. त्या मानाने कमी सांगितली जाते ती पैशाची बाजू. शारदा सदनाला अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांचे साहाय्य कबूल केले होते. ती मुदत १८९८ साली संपणार होती. म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळबाग लावली. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा त्यांचा व्यवहारी बेत होता. म्हणजे येथवर त्यांचा धीर इंदापूरच्या कुणब्यासारखाच होता: मुदत ठाऊक, पुढची तजवीज चालू.

दुष्काळाने तो बेत मोडला. १८९६-९७ साली मध्य प्रांतात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरू लागली, तेव्हा रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व विधवा घेऊन परतल्या. त्या स्वतः लहानपणी अशाच दुष्काळातून वाचल्या होत्या. सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्ती सदन रीतसर उघडले. १९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. देणग्या येत राहिल्या. पण दोन हजार तोंडांसाठी दहा वर्षांची लेखी हमी आता कोठेही नव्हती. ही उणीव केडगावने भरून काढली ती दिनक्रमाने. पहाटेची घंटा, प्रार्थना, शाळा, मग कामाच्या तुकड्या: माग, तेलाचा घाणा, दूधदुभते, बाग, छापखाना. आंधळ्या मुलींसाठी बार्तिमी सदन होते आणि रमाबाईंची कन्या मनोरमा त्यांना ब्रेल शिकवीत असे. ज्या मुलींना काल काय खाल्ले याचा भरवसा नव्हता, त्यांना उद्या सकाळी काय करायचे हे नेमके कळू लागले. दुष्काळातून आलेल्या मुलाला धान्याइतकीच या नेमकेपणाची गरज असते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९०५च्या जून महिन्यात मुक्तीमध्ये जे घडले त्याला ख्रिस्ती जगतात ‘जागृती’ म्हणतात. आरंभी सत्तरेक, पुढे साडेपाचशे मुली व स्त्रिया रोज प्रार्थनेला जमत आणि एके रात्रीपासून तेथे अश्रू, पश्चात्ताप आणि आवेश यांचा पूर लोटला, अशी वर्णने तेव्हाच्या इंग्रजी पुस्तकांतून आहेत. देशोदेशींचे लोक ती वाचून भारावले. आजही केडगावचे नाव निघाले की सभांतून ही कथा रंगवून सांगितली जाते. तिचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु जवळजवळ त्याच सुमारास रमाबाईंनी दुसरे एक काम हाती घेतले होते, ज्याची कथा रंगवता येण्यासारखी नाही. संपूर्ण बायबलचे मूळ भाषांवरून मराठीत भाषांतर करावयाचे, हे ते काम. तेव्हा त्यांचे वय पंचेचाळिशी ओलांडून गेलेले, ऐकू कमी येत असे, संस्थेचा पसारा अवाढव्य. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातील बाईला ते उमगत नाही आणि त्यातील अनेक शब्द दुसऱ्याच धर्मविचारांची छाया घेऊन येतात, असे त्यांचे मत झाले होते. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास त्यांनी नेटाने पुढे नेला. संस्कृतच्या या पंडितेने आयुष्याच्या उतरणीवर कोश आणि व्याकरणे पुढे ओढली, एका शब्दासाठी दिवस घालवले, आणि ज्या मुलींना केडगावला आल्यावर अक्षरओळख झाली त्यांच्याकडून खिळे जुळवून घेतले.

अठरा वर्षे हे चालले. रमाबाईंच्या धर्मजीवनाचा खरा पुरावा शोधायचा तर तो १९०५च्या त्या रात्रीत शोधू नये; खिळ्यांच्या घरांपाशी आणि तपासलेल्या मुद्रितांच्या गठ्ठ्यात शोधावा. आवेश कोणालाही येऊ शकतो, आणि तो ओसरला तर दोषही देता येत नाही. गणनेच्या पुस्तकातील वंशावळ्यांचे भाषांतर मात्र आवेशाच्या बळावर होत नाही. त्यासाठी सकाळी ठराविक वेळी मेजापाशी बसावे लागते. बसण्याची इच्छा नसेल त्या दिवशीही बसावे लागते. जुलै १९२१ मध्ये मनोरमा निवर्तली. संस्था जिच्या हाती सोपवायची ती एकुलती एक कन्या गेल्यावर चौसष्टीकडे झुकलेल्या बाईने लेखणी खाली ठेवली असती, तर कोण काय म्हणणार होते? रमाबाईंनी काम थांबवले नाही. अखेरची मुद्रिते त्यांच्या अखेरच्या दिवसांत तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. छापील ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ साली.

आता नफातोट्याचा कठोर प्रश्न विचारलाच पाहिजे. हे भाषांतर रूढ झाले नाही. मंडळ्यांनी बायबल सोसायटीचाच पाठ चालू ठेवला आणि रमाबाईंचा ग्रंथ अभ्यासकांच्या कपाटात गेला. शिवाय या अठरा वर्षांत मराठी समाजाला काय मुकावे लागले, हेही पाहिले पाहिजे. १८८२ साली हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणावर साक्ष देणारी, १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर जगाचे लक्ष वेधणारे पुस्तक लिहिणारी ही बुद्धी याच काळात सार्वजनिक प्रश्नांवर बोलती तर? अर्थशास्त्रात याला संधीचे मूल्य म्हणतात आणि ते येथे थोडेथोडके नाही. या तोट्याची निम्मी जबाबदारी, रमाबाईंना वाळीत टाकून मोकळ्या झालेल्या तत्कालीन महाराष्ट्राकडे जाते, हे खरे. तथापि उरलेली निम्मी त्यांच्या हट्टाची आहे, हे कबूल करावे. चिकाटी आणि हट्ट यांच्यात कुंपण असते ते बाभळीच्या काट्यांचे. त्यातून अंग खरचटल्याशिवाय कोणी जात नाही. पण खपावरून या कामाचे माप घेणे हेही अपुरेच ठरेल. ज्या मुलींनी ते खिळे जुळवले त्यांच्या हाती विद्या आली, बोटांना कसब आले आणि चुकलेली ओळ मोडून पुन्हा जुळवण्याची सवय लागली. हे उत्पन्न ग्रंथाच्या जमाखर्चात कोठेच दिसत नाही.

रमाबाईंचे उदाहरण एकटे आहे असेही नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ पहिल्या काही अध्यायांवरच अडले होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले, थोडेथोडके नव्हे तर साठांहून अधिक अध्याय लिहिले, आणि ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला तो त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. आपण तुकारामाच्या मार्गाने ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची भावना होती. वारकऱ्याचा नेम आणि ख्रिस्ती नेम यांत त्यांना परकेपणा दिसला नाही.

धीराच्या या उपदेशावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो बिनतोड आहे असे वाटण्याजोगा आहे. गरिबाला धीर शिकवणे हे सबळांच्या नेहमीच सोयीचे असते. गावकुसाबाहेरच्या माणसाला शतकानुशतके सोशिकपणाच शिकवला गेला. आता धर्म बदलूनही त्याने तेच शिकावे काय? येथे सोशिकपणा आणि धीर यांची गल्लत होते. रमाबाई सोशिक मुळीच नव्हत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला आहे. ज्यांच्या आश्रयाला आपण राहतो त्यांनी सांगितला म्हणून त्रैक्याचा सिद्धान्त मान्य करण्यास ही नवदीक्षित विधवा साफ नकार देते, आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या हवाली करण्यास आपण ख्रिस्ती झालो नाही, असा तिचा सूर आहे. भाराखाली टिकणे आणि भार लादणाऱ्यापुढे वाकणे, या दोन निराळ्या गोष्टी होत.

बारामती-इंदापूरच्या ख्रिस्ती कुटुंबांवरचा भार तर कायद्याच्या भाषेत लिहिलेला आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या लागू झाल्या. ख्रिस्ती व मुसलमान धर्मांतरितांना ते दार अजून उघडलेले नाही. २००७ सालच्या रंगनाथ मिश्र आयोगाच्या अहवालाने ते उघडावे असे म्हटले. २०२२ साली त्याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग नेमला गेला. दरम्यान पिढ्या गेल्या. धान्यासाठी धर्म विकला, असा टोमणा या मंडळींच्या आजोबांनी ऐकला. परंतु स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनांचा पैसा आटत गेला, धान्याचा प्रश्नच उरला नाही, उलट ख्रिस्ती म्हणवून घेण्याचा खर्च वाढला. आणि तरीही मंडळ्या टिकल्या. विकत घेतलेली निष्ठा पगार थांबल्यावर टिकत नसते. काहींनी कागदावर दुसरा धर्म लिहिला, हेही खरे आहे. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी तसे करणाऱ्या बापाला नावे ठेवण्याचा अधिकार, ज्याला अशी निवड करावी लागली नाही त्याने गाजवू नये.

अशा मंडळ्यांपुढे आज निराळेच आकर्षण उभे आहे. मांडव, ध्वनिक्षेपक, दुखणे बरे करण्याची ग्वाही आणि रात्रीत आयुष्य पालटण्याचे आश्वासन. खाजगी दवाखान्याचे बिल ज्याच्या घराचा कणा मोडते, त्याने अशा मांडवात जावे यात नवल नाही. त्याची थट्टा करणे निर्दयपणाचे होईल. पण मांडव उठल्यावर उरते काय? ज्याला ग्वाही मिळाली आणि गुण आला नाही, तो आपल्याच विश्वासाला दोष देत घरी येतो आणि पुन्हा कोठेच जात नाही. हा तोटा कोणी मोजीत नाही. केडगावला आवेश आला तेव्हा त्याच्या आधी रोजची प्रार्थना होती आणि नंतर रोजचे काम होते. दोहोंच्या मधे तो आवेश सामावला. आजच्या सभांना मागेपुढे काहीच नसते.

येथे चर्चच्या धुरीणांनी थोडा व्यवहार पाहावा. उपदेशकांच्या दौऱ्यांवर जेवढा खर्च होतो, त्याचा अल्प भाग जरी वस्तीवस्तीवर वाचन चालवणाऱ्या साध्या माणसांच्या तयारीवर झाला तरी पुष्कळ होईल. रविवारची उपासना पाळकावाचून अडते. आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी चार घरांनी जमून एक अध्याय वाचणे अडत नाही. त्यासाठी वाचता येणारी एखादी मुलगी पुरते, आणि ती आता प्रत्येक घरात आहे. अडचण असते ती वेळेची. विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे उसाला रात्रीचे पाणी द्यावे लागते, गाळपाच्या हंगामात तोडणी आणि वाहतूक दिवसरात्र चालते, आणि सायंकाळी सातला ठेवलेल्या प्रार्थनेला निम्मी माणसे शेतात असतात. तेव्हा वेळ कोणती ठरवावी, हे पुण्याच्या कार्यालयात बसून ठरणार नाही. ज्या आठवड्यात पाणी रात्रीचे त्या आठवड्यात वाचन पहाटेचे, असा साधा ठराव लासुर्ण्यासारख्या गावातील चार कुटुंबांना आपापसांत करता येईल. फक्त तो पुढच्या आवर्तनातही पाळावा लागेल.